बिअर, पब आणि त्यांच्याभोवतीच्या थापा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाटलीमागचं लेबल, पबच्या भिंतीवरची पाटी आणि लंडन दाखवणारा गाइड, या तिघांकडून बिअरचा जो इतिहास आपल्या कानावर येतो तो ऐकायला झकास असतो, पण कागदपत्रांपुढे टिकत नाही. इथले प्रश्न मुख्यतः ब्रिटनमधल्या बिअरचे आहेत. थापा तिथल्याच जास्त, आणि त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या थापेत आपला देश आहे. 'अमक्यानं तमक्या दिवशी शोध लावला' अशी गोष्ट कानावर आली की जरा सावध व्हावं. बिअरचे बहुतेक प्रकार अबकारी कर, जहाजाचं भाडं, विहिरीचं पाणी आणि सरकारी कायदे यांच्या रेट्यातून घडले. त्या गोष्टी पाटीवर लिहायला कंटाळवाण्या, म्हणून कुणी लिहीत नाही.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, खास भारतासाठी शोधून काढली ना?

नाही. (एल हा इंग्लंडातला जुना बिअरप्रकार, पेल म्हणजे फिकट.) गोष्ट अशी सांगतात की भारतात पोचेपर्यंत बिअर नासायची, म्हणून जॉर्ज हॉजसन नावाच्या लंडनच्या माणसानं भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) आणि जास्त अल्कोहोल घालून नवी बिअर बनवली. हॉजसन खरा, त्याची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, तीही खरी. १७५२ पासून लंडनच्या पूर्वेला बो इथे, ली नदीच्या काठी ती होती. पण त्यानं काही शोधल्याचा पुरावा नाही. त्याचं भाग्य पत्त्यात होतं. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे नांगर टाकायची ते ब्लॅकवॉल तिथून हाकेच्या अंतरावर.

कंपनीच्या जहाजांवरच्या कप्तानांना थोडा स्वतःचा व्यापार करायची मुभा असे. चीज, हॅम, टोप्या, काचसामान असं काहीबाही ते घेऊन यायचे आणि कलकत्ता, मद्रास, मुंबईतल्या गोऱ्या साहेबांना विकायचे. हॉजसन त्यांना बिअर उधारीवर द्यायचा, वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर. जवळचं दुकान आणि लांबची उधारी. कप्तान दुसरीकडे कशाला जातील?

त्यानं दिलेली फिकट रंगाची कडक बिअर इंग्लंडात आधीपासून होतीच. जमीनदारांच्या वाड्यांवर ऑक्टोबरात, नव्या हंगामाच्या माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) आणि हॉप्समधून ती गाळत आणि तळघरात वर्ष-दोन वर्षं मुरवत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून येणाऱ्या चार ते सहा महिन्यांच्या प्रवासात तेच मुरणं झटपट झालं, उन्हात ठेवलेलं लोणचं लवकर मुरतं तसं. मुंबईत उतरलेली बिअर लंडनहून निघालेल्या बिअरपेक्षा चांगली लागायची ती त्यामुळे. कुणी ठरवून केलेलं ते नव्हतं.

पण दुसरी बिअर प्रवासात नासायची, हे तरी खरं?

तेही नाही. पोर्टर ही काळसर बिअर भारतात सुखरूप येत होती, आणि पेल एलपेक्षा जास्त प्रमाणात येत होती. ती फौजेसाठी. पलटणीतला साधा गोरा शिपाई पोर्टर प्यायचा, फिकट बिअर साहेबाच्या टेबलावर. गंमत अशी की साहेबांनी पत्रं लिहिली, आठवणी छापल्या, जाहिराती वाचल्या. शिपायानं यातलं काही केलं नाही. म्हणून 'इंडिया' हा शब्द पेल एललाच चिकटला आणि पोर्टरचा हा अध्याय लोक विसरले.

अल्कोहोलचंही तेच. त्या काळची आयपीए साधारण सहा-साडेसहा टक्क्यांची. आज हा आकडा मोठा वाटतो, तेव्हा इंग्लंडात ती मध्यम ताकदीची बिअर होती. हॉप्स मात्र खरंच जास्त घालत. गरम देशात जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स वाढवावेत हे ब्रुअर मंडळींना अठराव्या शतकातच ठाऊक होतं आणि तो सल्ला सगळ्याच बिअरना लागू होता.

मग नाव कधी पडलं, आणि इंग्लंडातल्या बर्टन गावाचा काय संबंध?

हॉजसनच्या काळात त्याच्या बिअरला कुणी आयपीए म्हणत नव्हतं. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे शब्द छापलेले सापडतात ते १८२९ साली, तेही भारतात नाही की लंडनमध्ये नाही, सिडनीच्या वर्तमानपत्रात.

बर्टनची गोष्ट मात्र चवीनं सांगण्यासारखी आहे. १८२० च्या सुमारास हॉजसनच्या वारसांना हाव सुटली. कप्तानांना वगळून त्यांनी स्वतःच माल भारतात पाठवायला सुरुवात केली, उधारी बंद केली, भाव चढवले. कंपनीवाले चिडले. १८२२ मध्ये कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी सॅम्युअल ऑलसॉप या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या ब्रुअरला जेवायला बोलावलं आणि सुचवलं की ही बिअर तुम्ही करून बघा. ऑलसॉप अडचणीतच होता. बर्टनची गोडसर, गडद एल रशियाला जायची, आणि रशियानं त्याच वर्षी आयात कर वाढवून तो धंदा बसवला होता. पुढे असंही सांगतात की त्याच्या माल्ट करणाऱ्यानं पहिला नमुना चहाच्या किटलीत उकळून पाहिला. किटलीवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

बर्टननं बाजी मारली ती पाण्यावर. तिथल्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं, त्यात कॅल्शियम सल्फेट भरपूर. त्या पाण्यात फिकट बिअर स्वच्छ उतरते आणि हॉप्सचा कडवटपणा खणखणीत लागतो. लंडनचं पाणी काळ्या बिअरला मानवणारं. काही वर्षांतच बास ही बर्टनचीच दुसरी ब्रुअरी आणि ऑलसॉप यांनी हॉजसनला भारताच्या बाजारातून जवळपास हुसकून लावलं. बासचा लाल त्रिकोण १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनचा पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क ठरला, आणि एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या १८८२ मधल्या पॅरिसच्या बारच्या चित्रात तो त्रिकोण बाटलीवर आजही दिसतो.

जहाज फुटलं, पिंपं लिव्हरपूलला विकली गेली आणि इंग्लंडात आयपीए लोकप्रिय झाली, ते?

१८२७ मध्ये भारताकडे निघालेलं जहाज आयरिश समुद्रात बुडालं, वाचलेली पिंपं लिलावात निघाली आणि इंग्रजांना चव कळली, अशी ती गोष्ट. ती पहिल्यांदा छापली गेली १८६९ मध्ये, म्हणजे चाळीसेक वर्षांनी. त्या साली तशी पिंपं विकल्याचा पुरावा शोधणाऱ्यांना सापडलेला नाही. भारतातून निवृत्त होऊन परतलेल्या साहेबांना तिकडे तीच बिअर हवी होती आणि पुढे रेल्वेनं बर्टनचा माल देशभर पोचला, हे कारण पुरेसं आहे. त्यात वादळ नाही, एवढाच त्याचा दोष.

मुंबईतले साहेब मे महिन्यात ही बिअर गरमच प्यायचे?

नाही हो. बड्या घरात 'आबदार' नावाचा खास नोकर असे. पाणी, वाइन, बिअर गार करणं हेच त्याचं काम. पाण्यात सोरा (बंदुकीच्या दारूत घालतात तो क्षार) विरघळवला की पाणी झपाट्यानं थंड होतं. त्या पाण्यात बाटली फिरवत बसायचं. सोरा वाया जात नसे, पाणी आटवलं की परत मिळे. मग १८३३ मध्ये बोस्टनच्या तळ्यांवरचा बर्फ जहाजानं कलकत्त्याला आला, पाठोपाठ मुंबईला, आणि आबदाराचं महत्त्व कमी होत गेलं. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्या अमेरिकन बर्फासाठी बांधलेलं आइस हाउस अजून उभं आहे.

पोर्टरचा शोध राल्फ हारवूडनं १७२२ मध्ये लावला, असं वाचलंय.

सगळ्यांनीच वाचलंय. लंडनचे गिऱ्हाईक म्हणे तीन पिंपांतून तीन बिअर एका पेल्यात मागायचे, ओतणारे वैतागायचे, म्हणून शोरडिचच्या हारवूडनं तिन्हींची चव एकाच पिंपात आणली. ही गोष्ट १८०२ च्या लंडन मार्गदर्शिकेतून पसरली. 'पोर्टर' नावाचा उल्लेख १७२१ मध्येच सापडतो, म्हणजे शोधाच्या आधी बारसं. आणि १७६० मध्ये एका जुन्या ब्रुअरी कामगाराच्या नावानं लंडनच्या वर्तमानपत्रात पोर्टरची सगळी हकीगत छापून आली, तिच्यात हारवूडचं नावच नाही.

झालं ते असं. करांमुळे आणि फिकट एलच्या स्पर्धेमुळे लंडनच्या तपकिरी बिअरवाल्यांनी आपला माल जास्त हॉप्स घालून, जास्त दिवस मुरवून सुधारला. बोजे वाहणाऱ्या हमालांना ती आवडली आणि त्यांचंच नाव तिला पडलं. तीन बिअरच्या मिश्रणामागेही कर चुकवण्याची युक्ती होती. कर फक्त दोन दरांनी लागायचा, 'कडक' आणि 'हलकी'. मग अतिकडक बिअर कडकचा कर भरून काढायची आणि दुकानात हलकीत मिसळून विकायची. अशा डोकेबाज मंडळींची वानवा कुठल्याच शहरात नसते.

लंडनमध्ये बिअरचा पूर आला होता आणि लोक रस्त्यावर बिअर पिऊन मेले, हे खरं का?

पूर खरा. पिऊन मेले हे खोटं, आणि जरा निर्दयही.

१७ ऑक्टोबर १८१४. टॉटनहॅम कोर्ट रोडच्या टोकाला म्यू कंपनीची हॉर्स शू ब्रुअरी. तिथे पोर्टर मुरवायला २२ फूट उंचीची लाकडी पिंपं होती, भोवती लोखंडी पट्टे. दुपारी साडेचारच्या सुमारास जॉर्ज क्रिक या कोठारातल्या कारकुनाला दिसलं की एका पिंपाचा पट्टा निसटलाय. असं वर्षातून दोन-तीनदा व्हायचंच. त्यानं एका भागीदाराच्या नावे चिठ्ठी लिहिली. तासाभरानं ती चिठ्ठी हातात घेऊन तो उभा असतानाच पिंप फुटलं. त्याच्या दणक्यानं शेजारच्या पिंपाची तोटी उडाली, काही लहान पिंपंही फुटली, मागची भिंत कोसळली आणि लाखो लिटर पोर्टर सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीत घुसली.

आठ जण गेले, सगळ्या बायका आणि मुलं. पुरुष अजून कामावरून यायचे होते. टॅव्हिस्टॉक आर्म्स पबच्या आवारात एलिनॉर कूपर ही १४ वर्षांची मोलकरीण भांडी घासत होती, तिच्यावर भिंत पडली. शेजारच्या तळघरात एका आयरिश कुटुंबात दोन वर्षांचं मूल आदल्या दिवशी गेलं होतं आणि शोकाला माणसं जमली होती. त्यांतले पाच जण गेले, त्यात त्या मुलाची आईही होती.

लोक भांडी घेऊन धावले, दंगल झाली, कुणी पिऊन पिऊन मेला, यातलं काहीही त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांत नाही. उलट ढिगाऱ्याखालून येणारा आवाज ऐकू यावा म्हणून जमाव शांत राहिला, असं छापून आलं होतं. आयरिश गरिबांबद्दल काहीही खपतं, म्हणून ही भर नंतर पडली असं मला वाटतं. चौकशीत 'अपघाती, दुर्दैवी मृत्यू' असा निकाल आला, ब्रुअरीला वाया गेलेल्या बिअरवरचा कर परत मिळाला. मेलेल्यांच्या घरच्यांना कंपनीकडून काही मिळालं नाही. आज त्या जागी डोमिनियन थिएटर आहे.

स्टाउट आणि पोर्टर वेगवेगळ्या?

एकाच घरातल्या. जास्त कडक पोर्टर म्हणजे स्टाउट पोर्टर, पुढे नुसती स्टाउट. रंगाशी त्याचा संबंध नव्हता, अठराव्या शतकात फिकट स्टाउटही विकली जायची. गडद काळा रंग सर्रास झाला तो १८१७ नंतर. त्या वर्षी डॅनियल व्हीलरनं फिरत्या पिंपात माल्ट भाजायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि चिमूटभर काळ्या माल्टवर काम भागू लागलं.

गिनेसमध्ये लोह असतं म्हणून बाळंतिणीला देत असत?

गिनेस ही आयर्लंडची प्रसिद्ध स्टाउट. देत असत हे खरं, लोह मात्र नगण्य. 'गिनेस तुमच्यासाठी चांगली' ही १९२९ ची जाहिरात होती. काळी म्हणजे जड, हाही समज चुकीचा. आजची ड्राफ्ट गिनेस ४.२ टक्क्यांची आहे, बऱ्याच लागरपेक्षा (आपल्याकडे सर्रास मिळते ती फिकट बिअर) हलकी. तो साईसारखा फेसही पुरातन नाही. नायट्रोजनची ती करामत मायकल ॲश या गणितज्ञाच्या चमूनं १९५९ मध्ये जमवली.

इंग्लंडात बिअर कोमट देतात का?

पिंपातली पारंपरिक एल ११ ते १३ अंशांवर देतात. पुण्यात जानेवारीच्या पहाटे हवा असते तितकी. त्याला कोमट म्हणणं जिवावर येतं. आपल्याला तसं वाटतं कारण आपल्याकडे बिअर म्हणजे शून्याला टेकलेली लागर. इतक्या गारीत जिभेला चव कळत नाही, आणि काही ब्रँडच्या बाबतीत ते बरंच आहे.

एक मात्र आहे. ही 'परंपरा' १९७० च्या आसपास संपत आली होती, मोठ्या कंपन्यांनी गॅस भरलेली बिअर सगळीकडे ढकलली होती. ती वाचवणारी 'कॅमरा' ही ग्राहक संघटना १९७१ मध्ये स्थापन झाली. चार इंग्रज तरुणांनी ती स्थापन केली ती सुट्टीवर असताना, आयर्लंडच्या केरी परगण्यातल्या पबमध्ये.

मध्ययुगात पाणी घाण होतं म्हणून सगळे बिअर प्यायचे?

पाणी प्यायचे, रोज प्यायचे, फुकट मिळत होतं म्हणून जास्तच प्यायचे. लंडननं तेराव्या शतकात टायबर्नच्या झऱ्यांपासून शहरात नळ आणला, तो काय बघायला? बिअर आवडायची, तिच्यातून पोटाला आधार मिळायचा, म्हणून ती प्यायचे. या समजाला बळ देणारी एक खरी घटना मात्र आहे, पण ती खूप नंतरची. १८५४ च्या कॉलऱ्यात लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या ब्रुअरीतले कामगार वाचले, कारण ते त्या दूषित पंपाचं पाणी पीत नव्हते. साथीचा माग काढणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोनं ती नोंद केली आहे. त्यांना बिअर मिळायची, आणि ब्रुअरीची स्वतःची विहीरही होती.

जर्मनीचा १५१६ चा शुद्धतेचा कायदा?

तो जर्मनीचा नव्हे, बव्हेरियाचा. जव, हॉप्स आणि पाणी एवढंच वापरा असं त्यात आहे, पण मजकुराचा मोठा भाग बिअर किती पैशांना विकायची याबद्दल आहे. गहू बेकऱ्यांसाठी राखायचा हाही हेतू सांगितला जातो. पुढे खुद्द राजघराण्यानंच गव्हाच्या बिअरची मक्तेदारी घेऊन बक्कळ पैसा केला. सगळ्या जर्मनीला तो नियम १९०६ मध्ये लागू झाला.

टोकदार टोपी, मांजर, झाडू: चेटकिणीचं चित्र बिअर गाळणाऱ्या बायकांवरून आलं?

समाजमाध्यमांवरची लाडकी पोस्ट. पुरावा नाही. टोकदार टोपीची चेटकीण चित्रांत रुळते तोवर इंग्लंडात बिअरचा धंदा बायकांच्या हातून बराचसा गेलेला होता. तो गेला भांडवल, परवाने आणि हॉप्समुळे मोठ्या प्रमाणावर टिकणारी बिअर करता येऊ लागल्यानं. बायकांना धंद्याबाहेर काढायला चेटकिणीची गरज पडली नाही.

इंग्लंडातला सगळ्यात जुना पब कोणता?

ज्याची पाटी सगळ्यात मोठी तो. नॉटिंगहॅमच्या 'ट्रिप टू जेरुसलेम'वर ११८९ लिहिलंय, इमारत सतराव्या शतकातली. सेंट ऑल्बन्सचा 'फायटिंग कॉक्स' आठव्या शतकावर हक्क सांगतो, त्याचं घर मुळात मठाचं कबुतरखाना होतं. गिनेस बुकनं २००० साली हा विक्रमच बंद केला, सिद्ध करता येत नाही म्हणून. पबला परवाना लागायला लागला १५५२ पासून, त्याआधीचा कागद कुठून आणणार?

काळ्या तुळया आणि पांढऱ्या भिंतींवरही जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी ते १९२०-३० च्या दशकातलं काम असतं, तुळया नुसत्या चिकटवलेल्या. नक्षीदार काचा आणि मोठे आरसे १८९० च्या दशकातले, तेव्हा पबच्या धंद्यात पैसा ओतला जात होता.

लंडनच्या एका भागाला मिळालेलं 'एलिफंट अँड कासल' हे पबचं नाव स्पेनच्या राजकन्येवरून आलं का?

'इन्फांता दे कास्तिया' म्हणजे कॅस्टिलची राजकन्या, त्याचा अपभ्रंश म्हणतात. इन्फांता हा शब्द इंग्रजीत रुळला सतराव्या शतकाच्या आसपास, आणि ज्या कॅस्टिलच्या एलिनॉरशी नाव जोडतात ती तेराव्या शतकातली. पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती हे युरोपातलं जुनं चित्र आहे. लंडनच्या सुऱ्या-चाकू करणाऱ्यांच्या संघाचं चिन्हही तेच, मुठी हस्तिदंताच्या म्हणून. आपण ते पाहिलं तर लगेच अंबारी म्हणू.

पब रात्री अकराला बंद करण्याची प्रथा किती जुनी?

पहिल्या महायुद्धाइतकी. त्याआधी लंडनचे पब पहाटे पाचला उघडून मध्यरात्रीनंतर बंद होत. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीत राहावेत म्हणून १९१५ पासून वेळ दिवसाला साडेपाच तासांवर आणली. दुसऱ्याला पेला पाजणंही बेकायदा ठरवलं. नवऱ्यानं बायकोला पाजली तरी गुन्हा. कार्लाईल भागातले पब सरकारनं थेट ताब्यात घेतले, ते सोडले १९७३ मध्ये. दुपारी पब सक्तीनं बंद ठेवायचा नियम गेला १९८८ मध्ये.

इंग्रजी बिअर 'मुळातच हलकी' हा समजही याच युद्धाची देणगी. धान्य वाचवायला बिअर पातळ केली आणि ती पूर्वपदावर कधी आलीच नाही. 'माइल्ड' हा इंग्रजी प्रकार घ्या: मूळ अर्थानं न मुरवलेली, ताजी बिअर. एकोणिसाव्या शतकात ती सहा टक्क्यांची असायची, आज तीन-साडेतीनची.

इंग्रजांनी महाराष्ट्रात पब आणला का?

छावणीत पलटणीचं कँटीन असे, तो पब नव्हे. मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत शिपाई देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने कंटाळायचे. वेड लागलेल्याला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणतात ते तिथूनच, आणि २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या राज्यातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरीनं हेच नाव घेतलं. आपली खरी देशी संस्था म्हणजे परमिट रूम, १९४९ च्या दारूबंदी कायद्याची लेक. त्या कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो, आणि तो मिळतो प्रकृतीस्वास्थ्यासाठी.

लंडनमध्ये 'पाइंट' मागितला तर किती येतो?

५६८ मिलिलिटर. आपल्याकडे बारमध्ये पाइंट म्हणजे ३३० ची छोटी बाटली, अमेरिकेत पाइंट ४७३ चा. तेव्हा हिशेब सांभाळा. कमी हवी असेल तर हाफ मागा, कुणी हसत नाही. पैसे काउंटरवर आधी द्यायचे, टेबलावर येऊन कुणी ऑर्डर घेईल म्हणून बसून राहिलात तर बसूनच राहाल.